लहान म्हणून संशयित

समजा, अंबाजोगाईतल्या एका मुलानं कृषी सेवा केंद्रांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर लिहिलं. खतं, बियाणं, औषधं यांचा साठा, बॅच नंबर, संपत आलेली मुदत, शेतकऱ्यांची उधारी आणि सुगीच्या वेळी वसुलीची गावनिहाय यादी. मोठ्या कंपन्यांना हे जमणार नाही असं नाही. पण खरिपाच्या तोंडावर उधारी कशी चढते आणि सोयाबीन बाजारात आल्यावर ती कशी उतरते, हे कोडमध्ये बसवण्यात त्यांना फारसा रस नसतो. या मुलाचं गिऱ्हाईक अंबाजोगाई तालुक्यात आणि फार तर केज, परळी, धारूरपर्यंत. पन्नास-साठ दुकानं. एवढ्यावर एका माणसाचं घर चालू शकतं आणि पन्नास दुकानांचा हिशेब सरळ राहू शकतो.

आता तो नवी आवृत्ती तयार करतो, लिंक पाठवतो. दुकानदार फाइल उतरवून उघडतो आणि पडद्यावर निळा चौकोन येतो: विंडोजने तुमच्या संगणकाचं रक्षण केलं आहे, हे ॲप चालू दिलेलं नाही, प्रकाशक अज्ञात. समोर एकच ठळक बटण, 'चालवू नका' असं. चालवण्याचं बटण 'अधिक माहिती'च्या आड दडलेलं. दुकानदार फोन लावतो, "अरे, तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस आहे म्हणतंय." मुलगा सांगतो, "काका, तसं काही नाही. 'मोअर इन्फो'वर दाबा, खाली 'रन एनीवे' येईल." कधी तर अँटिव्हायरसच थोडा वेळ बंद करायला सांगतो. काका ऐकतात, कारण पोरगा ओळखीचा आहे.

या संवादात सगळा प्रश्न आला. सुरक्षेसाठी उभारलेल्या यंत्रणेनं एका सज्जन माणसाला भामट्याची भाषा बोलायला लावली. उद्या खरोखरचा भामटा फोन करून हेच सांगेल, तेव्हा काकांना ते ओळखीचंच वाटेल.

कोड साइनिंग म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं. सॉफ्टवेअर लिहिणारा आपल्या गुप्त किल्लीनं फाइलवर डिजिटल सही करतो. फाइलमधलं एक अक्षर जरी नंतर बदललं तरी ती सही जुळत नाही. ही किल्ली नेमकी याच माणसाची आहे, अशी हमी एक तिसरी संस्था सर्टिफिकेट देऊन घेते, आणि त्या संस्थेवर विश्वास ठेवायचा की नाही ते मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल आपापल्या यादीत ठरवतात. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत १९९६ मध्ये आणली. ॲपलनं २०१२ मध्ये मॅकवर गेटकीपर नावाचा पहारा बसवला, आणि २०१९ पासून बाहेरून वाटलेली ॲप्स आधी ॲपलच्या सर्व्हरवर तपासून घेण्याची सक्ती केली. त्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरून सभासद व्हावं लागतं. २०२४ च्या मॅक प्रणालीत तर कंट्रोल दाबून क्लिक करण्याची जुनी पळवाटही बुजवली. आता सेटिंग्जमध्ये खोल जाऊन परवानगी द्यावी लागते.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. फाइल कुणाकडून आली आणि वाटेत कुणी हात लावला का, हे कळायलाच हवं. तक्रार पुढच्या पायरीपासून सुरू होते. विंडोजचा निळा चौकोन फक्त सही आहे का एवढंच पाहत नाही; तो 'पत' पाहतो. ही फाइल किती लोकांनी उतरवली, किती जणांच्या संगणकांवर ती बिनतक्रार चालली, यावरून ही पत ठरते. सही नसेल तर पत त्या एका फाइलपुरती असते. नवी आवृत्ती काढली की पुन्हा शून्य. सही असेल तर ती त्या सहीच्या नावावर साठत जाते, पण साठायला उतरवणारे लागतात, आणि ते पुष्कळ लागतात.

अंबाजोगाईच्या मुलाला ते मिळणार कुठून? त्याचं गिऱ्हाईकच पन्नास दुकानांचं आहे. त्याचं सॉफ्टवेअर वाईट म्हणून कमी लोक वापरत नाहीत. ते ज्या कामासाठी आहे ते कामच तेवढ्या लोकांचं आहे. मराठीत बिल छापणारं, बीड जिल्ह्यातल्या उधारीच्या चालीवर बेतलेलं सॉफ्टवेअर लाखांनी उतरवलं जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणजे ही यंत्रणा जे मोजते तो धोका नव्हेच. ती आकार मोजते आणि लहान आकाराला धोक्याचं नाव देते. जगातल्या बहुतेक उपयुक्त वस्तू थोड्या लोकांसाठी बनतात, ही गोष्ट ज्यांचं एकेक उत्पादन शंभर कोटी लोक वापरतात त्यांच्या लक्षात येत नसावी.

मग त्यानं सही विकत घ्यावी, असं कुणी म्हणेल. घ्यावी. जगभर मान्य असलेल्या संस्थांकडून असं सर्टिफिकेट घ्यायला वर्षाला साधारण दोनशे ते पाचशे डॉलर पडतात. रुपयांत वीस-पंचवीस हजार सहज. १ जून २०२३ पासून गुप्त किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवायला मनाई झाली. ती प्रमाणित यूएसबी टोकनवर किंवा तशाच यंत्रावर असली पाहिजे, म्हणून त्याचा खर्च वेगळा. पूर्वी सर्टिफिकेट ३९ महिने चालायचं. १ मार्च २०२६ पासून ४६० दिवसांच्या वर मिळत नाही. कागदपत्रांची पडताळणी परदेशातला कारकून करतो. त्याला तुमचा फोन नंबर एखाद्या व्यापारी निर्देशिकेत सापडावा लागतो, आणि घराच्या पुढच्या खोलीत चालणारा, उद्यम नोंदणीवर उभा असलेला एका माणसाचा व्यवसाय त्या निर्देशिकेत बहुधा नसतो. जास्त पैसे भरून 'विस्तारित पडताळणी'चं सर्टिफिकेट घेतलं की निळा चौकोन लगेच जायचा. ती सवलत मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये काढून टाकली. ज्यांनी केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजले होते ते बघत राहिले. मायक्रोसॉफ्टनं स्वतःची महिना दहा डॉलरची सहीची सेवाही सुरू केली. दर खरंच वाजवी आहे, पण एकट्या व्यक्तीसाठी ती उघडली ती अमेरिका आणि कॅनडात.

हा सगळा खर्च जर दुष्टांना रोखत असता तर मी गप्प बसलो असतो. इतिहास काय सांगतो ते पाहू. जानेवारी २००१ मध्ये व्हेरीसाइन या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या संस्थेनं 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' या नावाची दोन सर्टिफिकेटं मायक्रोसॉफ्टशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला देऊन टाकली. २०१० मध्ये उघडकीला आलेला, इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं मोडणारा स्टक्सनेट हा मालवेअर तैवानच्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या अस्सल किल्ल्यांनी सही केलेला होता. २०२० चा सोलारविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीतला घोटाळा तर तिच्या स्वतःच्या सहीच्या अपडेटमधून अमेरिकी सरकारी खात्यांपर्यंत पोचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलनं तपासून 'निर्दोष' ठरवलेल्या फाइलमध्ये श्लेयर नावाचा कुप्रसिद्ध मालवेअर निघाला. ज्यांच्याकडे पैसा, वेळ आणि वाईट हेतू आहे ते किल्ली चोरतात, बनावट कंपनी काढतात किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात शिरून त्याच्याच शिक्क्यानं माल बाहेर काढतात. वीस हजारांचा अडथळा फक्त त्यालाच अडवतो जो रांगेत उभा राहणारा आहे.

तरीही सही नकोच, असं म्हणणाऱ्यांबरोबर मी जाणार नाही. आपल्या भागात काय चाललंय ते दिसतं. किसान योजनेच्या हप्त्याच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, माणूस दाबतो आणि खातं रिकामं होतं. तालुक्याच्या गावात डिजिटल व्यवहार पोचले, त्यांच्यामागची शंका पोचायची राहिली. इशारा देणारा पहारेकरी हवाच. आणि चोरलेल्या किल्लीची उदाहरणं हाच सहीचा एक फायदाही दाखवतात. सही होती म्हणूनच कुणाची किल्ली गेली ते कळलं, आणि ती रद्द करता आली.

नुसतं स्वतःच स्वतःचं नाव घालणं पुरत नाही, हे मराठीला तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अभंगाच्या शेवटी कवी आपली नाममुद्रा घालतो. अंबाजोगाईच्याच दासोपंतांच्या पदांत दिगंबराची मुद्रा येते. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी झाला, त्यानंही 'नामा' हीच मुद्रा वापरली, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांच्या गाथेत त्याच्या रचना अशा मिसळल्या की अभ्यासक त्या आजवर निवडत बसलेत. मुद्रा कुणीही घालू शकतो. पण त्याच परंपरेचा दुसरा भागही पाहायला हवा. खरं-खोटं ठरवायचं काम वह्या, फड आणि पिढ्यान्पिढ्या पाठांतर करणारे लोक करत होते. कुठल्या एका दरबाराकडे दाम भरल्याशिवाय अभंग म्हणता येत नाही, असं कधी झालं नाही. डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीचे विकासक आजही असंच करतात. प्रत्यक्ष भेटून एकमेकांची ओळखपत्रं पाहतात आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर सही करतात. ते सगळ्यांना जमेल असं नाही. पण ओळख पटवण्याचा मार्ग फक्त क्रेडिट कार्डातून जातो हे गृहीतक त्यानं खोटं पडतं.

इथे रहिमतपूरच्या काटकर बंधूंची आठवण होते. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. संगणक आले तसे संगणक दुरुस्तीकडे वळले, आणि दुकानात येणारे संगणक व्हायरसनं आजारी आहेत हे पाहून धाकट्या संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्याचं 'क्विक हील' झालं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आता कल्पना करा, दुरुस्तीच्या दुकानातल्या दोन अनोळखी भावांनी आज तेच केलं असतं. संगणकाच्या गाभ्यात शिरणारी, इतर फाइली पुसणारी, सही नसलेली, कुणी न उतरवलेली फाइल. निळ्या चौकोनानं तिला पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरवलं असतं. व्हायरस मारणारं मराठी सॉफ्टवेअर व्हायरस म्हणून अडलं असतं. आज तीच कंपनी दुसऱ्यांच्या अनोळखी फाइलींवर लाल झेंडा दाखवते, हा काळाचा विनोद; त्यात तिचा दोष नाही.

यावर एक उत्तर दिलं जातं आणि ते वजनदार आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये एकट्या विकासकांसाठी आपल्या स्टोअरची नोंदणी फुकट केली. ठरावीक पद्धतीनं बांधलेलं ॲप तिथे दिलं तर सही मायक्रोसॉफ्टच करतं, सर्टिफिकेट घ्यावंच लागत नाही. मग रडगाणं कशाला? ज्याला हा मार्ग सोयीचा आहे त्यानं जरूर घ्यावा, मी तर सांगेन पहिल्यांदा तोच करून पाहावा. पण आपल्याकडची दुकानी सॉफ्टवेअरं कशी असतात? जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये किंवा डेल्फीत लिहिलेली, ॲक्सेसच्या फाइलीत माहिती ठेवणारी, थर्मल प्रिंटरशी आणि बारकोडच्या बंदुकीशी थेट बोलणारी. ती नव्या चौकटीत बसवायची म्हणजे अर्धी पुन्हा लिहायची. जुन्याच इन्स्टॉलरच्या रूपात ती स्टोअरला द्यायची तर नियम म्हणतो, सही तुमची तुम्ही आणा. फिरून फिरून भोपळे चौकात. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की स्वतःच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातानं वस्तू देण्याचा हक्क स्टोअर फुकट झाल्यानं परत मिळत नाही. दुकान दुसऱ्याचं, ते कधीही शटर ओढू शकतात. हाच वारा मोबाइलकडेही वळलाय. गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, स्टोअरबाहेरून आलेलं असलं तरी, ओळख पटवलेल्या विकासकाचंच ॲप बसेल. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सप्टेंबर २०२६ पासून, बाकी जगात २०२७ पासून. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असंही म्हणाले.

मला या सगळ्यात खटकतं ते वेगळंच. डिजिटल ओळखीच्या बाबतीत भारत गरीब देश नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं आपल्याकडे प्रमाणन संस्थांचा नियंत्रक नेमला, परवानाधारक संस्था उभ्या राहिल्या. आज अंबाजोगाईतल्या कुठल्याही कर सल्लागाराच्या कार्यालयात जा. ड्रॉवरमध्ये डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटांच्या, टोकनांचा गुच्छ असतो. ई-टेंडर भरणारे ठेकेदार, कंपनीचे संचालक, जीएसटी भरणारे व्यापारी. पॅन, आधार, व्हिडिओवर ओळख, आणि हजार-दोन हजारांत सही हातात. ही टोकनंही त्याच प्रतीची असतात जी आता जागतिक नियम कोड साइनिंगसाठी मागतात. (त्या गुच्छातल्या प्रत्येक टोकनावर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि सही मालकाऐवजी कार्यालयातला मुलगा करतो, हेही खरं. सहीच्या शुद्धतेवर प्रवचन देणाऱ्यांनी एकदा तो ड्रॉवर पाहावा.) म्हणजे कोट्यवधीच्या टेंडरवर चालणारी ओळख आपल्या हातात आहे, तीन मेगाबाइटच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर ती चालत नाही, कारण आपल्या नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र सॉफ्टवेअरच्या बाबतीत जगाच्या यादीत धरलं जात नाही.

याचा अनुभव प्रोग्राम न लिहिणाऱ्यांनीही घेतलाय. उतरवलेलं ई-आधार संगणकावर उघडलं की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'वैधता अज्ञात' असं दिसलेलं कित्येकांना आठवेल. पंधरा रुपये भरून काढलेल्या डिजिटल सातबाऱ्याचीही तीच गत व्हायची. मग सेतू केंद्रातला मुलगा उजवं बटण दाबून, सर्टिफिकेटवर 'विश्वास ठेवा' असं सांगून ते हिरवं करून द्यायचा. भारत सरकार आणि अंबाजोगाईचा प्रोग्रामर परदेशी सॉफ्टवेअरच्या दारात एकाच बाकावर बसले होते.

आपल्याला बाकावर कुणी बसवलं, याचं उत्तर मात्र फक्त परदेशी कंपन्यांचा अहंकार असं नाही. एके काळी भारताचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. २ जुलै २०१४ ला गुगलच्या लक्षात आलं की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या काही डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली आहेत. दुसऱ्या दिवशी नियंत्रकानं एनआयसीची प्रमाणपत्रं रद्द केली. एनआयसीच्या प्रक्रियेतच शिरकाव झाल्याचं कळवलं गेलं. चारच सर्टिफिकेटं चुकीची निघाल्याचं सांगण्यात आलं, त्यावर आम्हाला याहून जास्त ठाऊक आहेत असं गुगलनं जाहीरपणे म्हटलं. मग क्रोम ब्राउझरनं भारतीय मुळावरचा विश्वास काही ठरावीक भारतीय डोमेनपुरता आवळला. फायरफॉक्सला झळ लागली नाही, कारण त्याच्या यादीत आपण कधी नव्हतोच. हा प्रसंग आपल्याकडे फारशी चर्चा न होता विरला. पत गमावली ती आपण, आणि ती परत मिळवायचा रस्ता म्हणजे उघडं लेखापरीक्षण, चुकीची जाहीर कबुली आणि वर्षानुवर्षं बिनचूक काम.

त्याऐवजी सोपा रस्ता धरल्यासारखा दिसला. २०२३ मध्ये केंद्रानं भारतीय ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, अट होती नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र मानणारा ब्राउझर. २०२५ मध्ये झोहो ही कंपनी पहिली आली. चांगलंय. पण जगाच्या यादीत जागा नाही म्हणून स्वतःची वेगळी यादी काढायची, यानं काकांच्या संगणकावरचा निळा चौकोन हलत नाही. तो विंडोजचा आहे. बंगळूरूच्या ईमुद्रा या भारतीय कंपनीनं आपली मूळ प्रमाणपत्रं जागतिक परीक्षणातून नेऊन, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलासकटच्या याद्यांत बसवली आहेत. म्हणजे दार बंद नाही. पुण्याची सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था स्वतः ई-साइनसाठी, म्हणजे ऑनलाइन सहीसाठी, परवानाधारक प्रमाणन संस्था आहे. तिनं किंवा नियंत्रकानं, मान्य परीक्षणाखाली, एकट्या विकासकासाठी डीएससीच्याच दरात कोड साइनिंगचं सर्टिफिकेट द्यावं, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसवण्यासाठी सरकारनं आपलं वजन खर्च करावं. विंडोज वापरणाऱ्यांचा एवढा मोठा देश या मागणीसाठी टेबलावर बसला तर ती ऐकली जाईल. आणि पत मोजताना संख्येबरोबर काळही धरा, हीही मागणी करावी: तीन वर्षं एकाच ओळखीनं, एकही तक्रार न येता, पन्नास दुकानांत चाललेलं सॉफ्टवेअर अज्ञात कसं?

माझ्या सूचनेतला धोका मला दिसतो. सरकारच्या हातात सहीची किल्ली म्हणजे नको असलेल्या सॉफ्टवेअरचा गळा धरायची सोय. आंदोलनाचं ॲप, सरकारी आकडे तपासणारं एखादं साधन, एका आदेशानं रद्द. ही भीती पोकळ नाही. पण ती आजच्या व्यवस्थेशी ताडून पाहिली पाहिजे. आज परदेशी संस्थेनं सर्टिफिकेट रद्द केलं तर अंबाजोगाईच्या मुलाच्या हाती एक ईमेल येईल आणि दाद मागायला त्यांच्या करारात लिहिलेल्या शहरातलं न्यायालय. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ३८ वं कलम सांगतं की सर्टिफिकेट धारकाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय ते रद्द करता येणार नाही. मालवेअर पसरत असेल तर तेवढा वेळ थांबायचं का, तर तेही नाही: ३७ व्या कलमाखाली लोकहितासाठी ते तात्काळ निलंबित करता येतं, पण सुनावणी न देता पंधरा दिवसांच्या वर नाही. आणि दाद मागायला ४६ व्या कलमाखालचा न्यायनिर्णय अधिकारी मुंबईत, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचा सचिव. अंबाजोगाईहून एका रात्रीच्या अंतरावर.